पहिल्या दिवशीचं जे जे होतं

लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि तिला वाटलं, कुणीतरी आपला खण उपसून खाटेवर ओतलाय आणि मग खाटही उचलून नेलीय. पडदा स्वच्छ होता. उजव्या कोपऱ्यात, खाली, नऊ वर्षं जिथे पिवळ्या वहीचं चित्र असायचं तिथे आता नुसतं आकाश, कंपनीने दिलेलं, एका ढगासकट. कीबोर्डवर दादाची चिठ्ठी, कडेला कड लावून ठेवलेली. साफ केलं आहे. आता पळेल. पळेल. कुणी सांगितलं होतं त्याला पळायला? गेल्या आठवड्यात जेवताना ती एवढंच म्हणाली होती की हल्ली हा जरा हळू चालतो, आणि तेही हवा कशी आहे हे सांगावं तसं. दादा ऐकत नव्हता असं तिला वाटलं होतं. दादाचं हेच. आपण सांगतो तेव्हा ऐकत नाही आणि आपण सहज बोलतो ते कानात साठवतो. सकाळी ती दोन तयार दात द्यायला दवाखान्यात गेली, तेवढ्या दीड तासात आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून, चपला नीट जोडून, तिच्या खुर्चीत बसून त्याने तिच्यावर उपकार केले होते.

गल्लीत तिला दातवाली म्हणतात. ती दात काढत नाही, बसवत नाही, बनवते. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, पुढच्या खोलीतल्या टेबलावर ती पावडर कालवते, ब्रशच्या टोकाने थरावर थर चढवते आणि भट्टीत भाजते. हेच काम बाबा करायचे, याच टेबलावर. दात पांढरा नसतो. हे लोकांना सांगून खरं वाटत नाही. दातात पिवळा असतो, राखाडी असतो, कडेला निळ्या काचेसारखं काहीतरी असतं, आणि माणसाने तीस वर्षं काय खाल्लं, प्यालं, कशाला चावलं ते सगळं असतं. शेजारच्या दातांत मिसळून जाईल असा एक खोटा दात करायचा म्हणजे ए-टू, ए-थ्री अशा छटांच्या चारपाच पावडरींचं प्रमाण, थरांचा क्रम, भट्टीतली मिनिटं. आणि ते एकदा जमलं की लगेच लिहून ठेवायचं, कारण हात विसरतो. ती पिवळ्या वहीत लिहायची. लॅपटॉप विकत घेतला तेव्हाच ती वही आत होती, कंपनीने बरोबर घालून दिलेली; छोट्या छोट्या चिठ्ठ्या, एकावर एक, कसली सजावट नाही. वरचा डावा पुढचा. ए-थ्री दोन भाग, ए-टू एक. कडेला निळसर, केसाएवढा. मानेशी, हिरडीलगत, चहाचा डाग, पुसट. डॉक्टर म्हणतात जरा पांढरा करा. करायचा नाही, आजूबाजूला पाच साक्षीदार बसलेत. अशा आठशेच्या वर चिठ्ठ्या.

तिने फोन लावला.

“दादा, पिवळी वही कुठाय?”

“कसली वही? मी कागदाला हात लावला नाही हं.”

“लॅपटॉपमधली.”

“अच्छा, ते. ते तुझं नव्हतंच गं.” दादाचा आवाज खुशीत होता, काहीतरी चांगलं करून बसलेल्या माणसाचा. “मी आतल्या प्रोग्रामांची सगळी यादी तारखेप्रमाणे लावली. एकोणीस नोंदी एकाच दिवसाच्या निघाल्या. तू लॅपटॉप घेतलास तोच दिवस. म्हणजे त्यातलं तू आणलेलं एकही नाही, सगळं त्यांनी फुकटात कोंबलेलं. एकोणीसच्या एकोणीस काढल्या. आता बघ कसा उघडतो झटक्यात.”

“मला विचारलंस?”

“तू घरी कुठे होतीस?”

तिने फोन कानापासून लांब धरला. कानशील तापलं होतं. दादाने आयुष्यभर एका मोठ्या कार्यालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत नोकरी केली. कुठली फाइल किती वर्षं ठेवायची आणि कधी लगद्याला पाठवायची हे ठरवायचं, याद्या करायच्या, गठ्ठे बांधायचे, सही करायची. तो फाइल उघडत नसे. उघडायची गरजच नाही, तो सांगायचा, वरच्या कोपऱ्यातली तारीख बघायची. उघडणारे लोक वाचत बसतात आणि मग खोली भरते. निवृत्त झाला त्या दिवशी साहेबाने भाषणात म्हटलं होतं की यांच्यामुळे आम्हाला श्वास घेता आला, आणि दादा ते वाक्य अजून सांगतो. त्यालाही बिचाऱ्याला कुठेतरी श्वास लागतो. कार्यालय गेलं, मग त्याने स्वतःचं घर साफ केलं, मग वहिनीचं कपाट. वहिनीने एकदाच काय ते सुनावलं आणि कपाटाला कुलूप घातलं. हिच्या घराला कुलूप होतं, पण एक किल्ली त्याच्याकडे होती. एकटी राहतेस, काही झालं तर, म्हणून. काही झालं तर. झालं.

“दादा, काढताना लॅपटॉपने तुला काही विचारलं होतं का? तुमच्या नोंदींचं काय करू, असं काहीतरी?”

“विचारलं असेल. एकोणीस वेळा काय काय विचारलं. मी हो म्हणत गेलो.”

“चौकट होती का? खूण करायची?”

“चौकट दिसली की मी खूण करतोच. रिकामी चौकट बरी दिसत नाही. पण तू एवढी का घाबरतेस? परत टाकता येतं. फुकटच तर होतं. मी येतो थोड्या वेळात, घेऊन येतो.”

नको येऊस, असं म्हणायला तिने तोंड उघडलं तोवर त्याने फोन ठेवला होता. तिला नको म्हणायला नेहमी इतकाच उशीर होतो. अर्धं मिनिट. बावीस वर्षांपूर्वीही तेवढाच झाला होता. बाबा गेल्यावर तेराव्या दिवशी ती दवाखान्यात उरलेली कामं पोचवायला गेली आणि परत आली तेव्हा भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या होत्या. बाबांनी केलेल्या प्रत्येक दाताचा प्लास्टरचा साचा त्या फळ्यांवर असायचा, तळाला पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेला. त्यांची वही म्हणजे तीच. अगं, कुणाकुणाचे जबडे ते, दादा म्हणाला होता, त्यातले निम्मे लोक तर वरही गेले असतील, आणि तू इथे एकटी राहणार, रात्री दचकशील. त्याने फळ्या पुसूनही ठेवल्या होत्या. ओल्या फडक्याचे अर्धगोल लाकडावर दिसत होते. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, बरं. बरं. नंतरची सात वर्षं ती बाबांना तासाभरात जमायचे ते रंग दोन दोन दिवस घासून शोधत होती, आणि दर वेळी भट्टीतून चुकीचा दात बाहेर आला की तिला ते बरं ऐकू यायचं, स्वतःच्याच गोड आवाजातलं. त्या बरंची तिला दादापेक्षा जास्त चीड होती. नाही, तेवढीच होती. नाही. आज दादाचीच जास्त होती.

टेबलावर साचा तयार पडलेला. पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा. चार वर्षांपूर्वी तिने त्यांना वरचा पुढचा दात करून दिला होता, तो परवा तलावाच्या कडेवर आपटून फुटला. डॉक्टर सकाळी म्हणाले होते, “त्यांचं एकच म्हणणं आहे, तोच दात हवा. चार वर्षांत घरच्यांनाही कळलं नाही म्हणाल्या की खोटा आहे. तुमच्याकडे नोंद असेलच. उद्या दुपारपर्यंत द्या.” असेलच. तिने मान डोलावली होती, जरा तोऱ्यातच.

मग तिने लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दुकानवालीला फोन केला. जिन्याखालचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला दार लावता येत नाही. दुकानवालीने सगळं ऐकून घेतलं आणि मधे कुणालातरी म्हणाली, तो स्क्रू गिळशील, तोंडातून काढ.

“मावशी, आधी मला सांगा, हे कळल्यापासून तुम्ही त्यावर काय काय केलंत?”

“काही नाही. बघत बसलेय.”

“शाबास. लोक आधी दहा ठिकाणी बोटं घालतात आणि मग मला फोन करतात. ऐका. वही गेली म्हणजे चिठ्ठ्या गेल्याच असं नाही. वही म्हणजे कपाट, चिठ्ठ्या म्हणजे आतले कपडे. भावाने कपाट फेकलं. कपडे जमिनीवर पडलेले असू शकतात. त्या चौकटीत कधी ‘ठेवा’ लिहिलेलं असतं, कधी ‘काढा’. त्यांनी काय केलं हे आठवायला लावू नका, माणूस आपल्या सोयीचं आठवतो. आपण बघायचं. पण आधी बघायचं, मग वही परत घालायची. उलट केलंत तर नवी वही पहिल्यांदा उघडताना स्वतःची कोरी यादी बनवते, आणि ती जुन्यावरच जाऊन बसते. मग मी काय, माझे वडील आले तरी काही होणार नाही.”

“म्हणजे एका क्लिकमध्ये…”

“एका क्लिकमध्येच तर सगळं जातं, मावशी.”

तिने पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. लपवलेली फोल्डरं दिसतील असं करायचं. कंपनीच्या नावाचं फोल्डर शोधायचं, त्यात वहीचं. ते उचलून पेन ड्राइव्हवर ठेवायचं, आणि पेन ड्राइव्ह काढून खिशात. खिशात म्हणजे खिशातच, दुकानवालीने बजावलं. मग लॅपटॉप उलटा करून पाठीवरचा नंबर वाचायचा, कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करायचा. शोधायला गेलं की सगळ्यात वर ज्या पाट्या येतात ते चोर असतात. त्या नंबराचीच वही घ्यायची. टाकताना ती आणखी चार फुकटे प्रोग्राम, पाहुणे, आत घेऊ का विचारेल, सगळ्या खुणा काढायच्या. मग वही उघडायच्या आधी चिठ्ठ्यांची फाइल जागेवर परत ठेवायची. “आणि ‘लॅपटॉप पहिल्यासारखा करा’ असं एक बटण दिसेल. फार गोड दिसतं. त्याला हात लावायचा नाही. ते पहिल्यासारखा म्हणजे पार पहिल्यासारखा करतं, तुम्ही जन्मालाच आला नव्हतात इतका.”

फोन ठेवला आणि दारात किल्ली फिरली. बेल असताना किल्ली. दादा आत आला, चपला जोडल्या, हातात पेन ड्राइव्ह उंच धरलेला, प्रसाद आणल्यासारखा.

“आणली बघ. ओळखीच्या एकाकडे होती. तुझ्याकडची साधी होती, ही पूर्ण आहे. सरक जरा.”

ती सरकली नाही.

“अगं सरक, दोन मिनिटांचं काम आहे.”

“तो पेन ड्राइव्ह इथे लागणार नाही.”

“का? जागा आहे की बाजूला.”

“लागणार नाही म्हटलं ना. कुणाकडचा आहे, त्यात काय काय आहे, तुला तरी माहीत आहे का?”

“बघा,” दादा भिंतीला म्हणाला. त्याला चिडायचं असलं की तो भिंतीशी बोलतो. “माणूस ऊन डोक्यावर घेऊन येतो. एका वहीसाठी. तीही फुकटातली. एवढी महत्त्वाची होती तर कागदावर नाही का लिहायची? कागद दिसतो. मला कागद दिसला असता तर मी विचारलं असतं.”

नसतं विचारलंस. हे तिच्या दातांच्या मागे येऊन थांबलं. तिने जबडा इतका आवळला की कानाजवळ टक् झालं. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे हाताळणारी ती, तिला नेमकं माहीत होतं कुठला स्नायू, कुठे. रागाने दात झिजतात. रात्री झोपेत चावून चावून लोकांचे दात निम्मे होतात आणि मग ते तिच्याकडे येतात, साच्याच्या रूपाने, आणि तिला सपाट झालेली टोकं बघून कळतं, हा माणूस कुणालातरी काहीतरी बोलला नाही. तिचे स्वतःचे दात तिने कधी आरशात नीट पाहिले नव्हते.

“तू आत जाऊन चहा टाक,” ती म्हणाली.

“मी?”

“हो. आणि मी हाक मारल्याशिवाय येऊ नको.”

तो गेला. आतून पातेल्याचा आवाज आला, मग डबे सरकवल्याचा. तिथेही तो काहीतरी लावून ठेवत असणार. तिने पाकीट समोर ठेवलं. लपवलेलं दाखवा. फिकट रंगाची फोल्डरं उगवली, अर्धवट पुसलेल्या अक्षरांसारखी. कंपनीचं नाव. आत शिरताना तिच्या मनात जे आलं ते तिला आवडलं नाही आणि तरी तिने ते ढकललं नाही: नसू दे. आत काही नसू दे. रिकामं असू दे, म्हणजे एकदाचं काहीतरी हातात येईल, त्याच्यापुढे ठेवता येईल असं, तारीखवार. फळ्या रिकाम्या झाल्या तेव्हा तिच्याकडे पुरावा नव्हता, कारण ती तेव्हा शिकाऊ होती, काय गेलं हे तिलाच कळायला सात वर्षं लागली. आज तिला कळत होतं. आज आठशे चिठ्ठ्या गेल्या असत्या तर ती आठशे वेळा म्हणू शकली असती. उद्याचा दात अंदाजाने केला असता, बाईंच्या घरच्यांना कळलं असतं, डॉक्टरांनी नाक मुरडलं असतं, आणि ती तो फुकट गेलेला दात आणून दादाच्या तळहातावर ठेवू शकली असती. घे. हा तू केलास.

वहीचं फोल्डर होतं. आत एकच फाइल, कालच्या तारखेची, जड.

तर त्या चौकटीत ‘ठेवा’ लिहिलेलं असणार. आणि दादाने न वाचता खूण केली, म्हणून वाचलं. त्याने काळजी घेतली म्हणून नाही, जरा थांबून विचार केला म्हणून नाही. रिकामी चौकट बरी दिसत नाही म्हणून. तिला इतका संताप आला की क्षणभर पडदाच दिसेना. त्याच्या निष्काळजीपणाने मारलं आणि त्याच्याच निष्काळजीपणाने वाचवलं, या दोन्हीत ती कुठेच नव्हती. आणि आता काय होणार हे तिला शब्दाशब्दाने ठाऊक होतं. तो चहा घेऊन येईल, पडद्यावर बघेल आणि म्हणेल, आलं ना परत? उगाच आदळआपट. आणि ती म्हणेल…

तिने फाइल उचलली, पेन ड्राइव्हवर ठेवली, दोन्हींचं वजन जुळतंय ना ते बघितलं, ड्राइव्ह काढून खिशात टाकला. लॅपटॉप उलटा करून नंबर वाचला, भिंगातून, दातांच्या भिंगातून. पत्ता टाइप केला, एकेक अक्षर. पाहुण्यांच्या खुणा काढल्या, चार होत्या. गोड बटण दिसलं, खरंच गोड होतं, ओलांडून गेली. पट्टी भरत गेली, कोपऱ्यात पिवळी वही उगवली. तिने ती लगेच उघडली नाही, आधी खिशातला ड्राइव्ह लावून फाइल जागेवर परत ठेवली, ड्राइव्ह पुन्हा खिशात टाकला, मग उघडली. चिठ्ठ्या होत्या. एकावर एक, सगळ्या. ती चार वर्षं मागच्या चिठ्ठीपाशी गेली. पोहायला शिकवतात. शिट्टी याच दातावर धरतात, कडेला झीज दाखवायची. ए-थ्री तीन भाग, राखाडी चिमूट. भट्टीत एक मिनिट कमी. तिने ते दोनदा वाचलं आणि झाकण खाली घेतलं.

“झालं का?” दादा दारात, दोन्ही हातांत कप.

“गेलं,” ती म्हणाली.

“काय गेलं?”

“सगळं. नऊ वर्षांचं. वही आली, आत काही नाही.”

हे तिने ठरवलेलं नव्हतं. शब्द सरळ बाहेर आले, गुळगुळीत, झिलई दिलेले. दादाने कप ठेवले. एक टेबलावर, आणि दुसरा कुठे ठेवावा हे त्याला कळेना म्हणून तोही तिथेच. मग तो समोरच्या स्टुलावर बसला, जिथे दवाखान्यातून आलेली माणसं बसतात, आणि चष्मा काढून हातात धरला. ती वाट बघत होती. तो भिंतीकडे वळेल, म्हणेल, एवढं काय त्यात. त्याने भिंतीकडे पाहिलंही. पण तिथे बोलण्यासारखं काही सापडलं नसावं.

“काय होतं त्यात?” त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने सांगितलं. गुळमुळीत नाही, मऊ नाही. पावडरी, भाग, थर, मिनिटं. कुठला दात कुणाचा, आणि तो तसाच का. ती बोलत गेली तसा तिचा आवाज चढत गेला आणि तो ऐकत राहिला, खरंच ऐकत, मान जराशी पुढे काढून.

“म्हणजे प्रत्येकाचं वेगळं,” तो म्हणाला.

“प्रत्येकाचं.”

“आणि बाबांचं ते… साच्यांच्या खाली पेन्सिलीने असायचं…”

“तेच.”

चहावर साय धरली. मग त्याने खिशातून पेन काढलं. निवृत्त झाला तरी त्याच्या खिशात पेन असतंच. टेबलावरचं तिचं कोरं पॅड ओढून घेतलं, डावीकडे समास आखला, सरळ, पट्टीशिवाय.

“आमच्याकडे एकदा चुकीची फाइल लगद्याला गेली होती,” तो पॅडकडे बघत म्हणाला. “मीच सही केलेली. मग ज्यांनी ज्यांनी ती पाहिली होती त्यांना एकेक करून बोलावलं, आठवेल ते विचारलं, आणि पुन्हा लिहून काढली. चार महिने लागले. कुणाला सांगितलं नाही मी हे. तू सांग. आठवेल ते. उद्याचा दात आधी.”

आत्ता झाकण उघडायचं. आत्ता म्हणायचं, थांब, आहे सगळं. अर्धं मिनिट होतं तिच्याकडे, पुरेपूर. तिने ते स्वतःहून जाऊ दिलं.

“ए-थ्री, तीन भाग,” ती म्हणाली. “लिही.”

त्याने लिहिलं. कारकुनी, ठसठशीत अक्षर, प्रत्येक आकडा वेगळा. राखाडी म्हणजे किती, त्याने विचारलं. चिमूट, ती म्हणाली. चिमूट कशी लिहायची? चिमूट अशीच. तिने दुसरा सांगितला, मग तिसरा, थोडी घाईने, त्याला पुरेसा वेळ न देता, आणि तो मागे पडला तरी थांब म्हणाला नाही, नुसता हात वेगाने चालवत राहिला. किती असतील एकूण, त्याने विचारलं. आठशेच्या वर. त्याने पॅडची पानं अंगठ्याने चाळली आणि म्हणाला, उद्या जाड वही आणतो. तिला वाटलं होतं आता बरं वाटेल. बरं वाटत नव्हतं. पण तिला सांगायचं होतं अजून, तिला आठशेच्या आठशे सांगायचे होते, याच माणसाला, याच स्टुलावर, त्याचं मनगट दुखेपर्यंत आणि दुखल्यावरही. आणि आश्चर्य म्हणजे तिला ते आठवत होते.

झाकणाखाली पंखा घरघरत होता.

“तो बंद तरी कर,” दादा म्हणाला. “उगाच तापतोय.” आणि सवयीने, न बघता, त्याने डावा हात लॅपटॉपकडे नेला.

“हात लावू नकोस त्याला.”

तिचा आवाज मोठा नव्हता. हात अर्ध्यावर थांबला. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग झाकणाकडे, मग पुन्हा तिच्याकडे, जरा जास्त वेळ. त्याने हात मागे घेतला, पॅडवर ठेवला.

“बरं,” तो म्हणाला, आणि पेन उचललं. “पुढचा कुणाचा?”